आई-बाबांच्या खोलीचे छत : आराखडा आणि खर्चाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दांडिया बाजारातले भाड्याचे घर आणि त्याचा जिना आता झेपत नाही, हे दिवाळीत आई-बाबांनी दोघांनीही मान्य केले. बडोद्याच्या कारेलीबागेतील आमच्या टेनामेंटच्या (सोसायटीतल्या बैठ्या घराच्या) पूर्वेला मोकळी जागा आहे. तिथे त्यांच्यासाठी तळमजल्यावरच एक खोली बांधायची, असे ठरले. खोली आतून १४ फूट बाय १८ फूट, तिच्याच एका कोपऱ्यात न्हाणीघर व संडास, नऊ इंची भिंती आणि दहा फूट उंची. प्लिंथ (जोते) जुन्या घराइतकीच उंच ठेवायची याबद्दल दुमत नाही, कारण ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी गल्लीत शिरले तेव्हा आमच्या ओट्याची वरची पायरी तेवढी कोरडी राहिली होती. निर्णय व्हायचा आहे तो छताचा.

भिंती, फरशी आणि नळकाम यांचे अंदाज सगळ्यांकडून जवळपास सारखे येतात. छताबाबत मात्र प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. पतींना स्लॅब हवी आहे, बाबांचे मन कौलांकडे आहे, ठेकेदार पत्रा सुचवतो आणि पतींच्या कार्यालयातील एक सहकारी पफ पॅनेलची (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पाटीची) शिफारस करतात. हे चारही प्रकार बडोद्यात सर्रास दिसतात आणि प्रत्येकाखाली माणसे राहत आहेत, त्यामुळे ऐकीव मतावर एकही बाद करायचा नाही.

एक गोष्ट मात्र आजच लिहून ठेवते. नव्या खोलीच्या पश्चिमेला आमचे जुने घर आहे, म्हणजे उतरत्या दुपारचे ऊन तिच्या भिंतीवर पडणारच नाही. कर्कवृत्त बडोद्याच्या थोडेसेच उत्तरेला असल्यामुळे मेअखेर आणि जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ही खोली तापली तर ती छतामुळेच तापेल, आणि तिच्यात दिवसभर राहणार आहेत ती पंच्याहत्तरीकडे झुकलेली दोन माणसे.

१६ नोव्हेंबर २०२४

सोसायटीतील एका शेजारणीने काही वर्षांपूर्वी मागच्या अंगणात पत्र्याची खोली बांधली होती. ती आज आतून आणि आमच्या गच्चीवरून, अशी दोन्हीकडून नीट पाहिली. रंगीत प्री-कोटेड पत्रा, खाली लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि त्याखाली जिप्समचे छत. आतून खोली स्वच्छ आणि नेटकी दिसते. फक्त एका कोपऱ्यात जिप्समवर चहाच्या रंगाचा ओघळ आहे. त्याचे कारण वरून पाहिल्यावर कळले. पत्रा ज्या स्क्रूंनी पकडला आहे त्यांच्या डोक्याखाली रबरी वॉशर असतो, आणि उन्हाने त्या रांगेतले बरेच वॉशर भेगाळून कडक झाले आहेत. एक तर नख लावताच निघून हातात आला. पत्रा रोज उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो, त्यामुळे स्क्रूचे भोक हळूहळू लांबट होते. वॉशर गेला की पाण्याला तेवढी वाट पुरते. पत्रा अजून ठणठणीत आहे, गंजाची सुरुवात आहे ती भोकांच्या कडांना.

पावसाच्या आवाजाबद्दल मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या की जिप्सममुळे तो कमी झाला, पण जोराच्या सरीत फोनवर बोलता येत नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा हा मुद्दा आमच्याकडे दुय्यम नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

आज दांडिया बाजारात बाबांशी कौलांबद्दल सविस्तर बोलणे झाले. त्यांचा सगळा संसार मंगळुरी कौलांखाली गेला आणि त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे : उंच उतरते छप्पर, वरून गरम हवा निघून जायला फटी, आणि तापलेले कौल सूर्य मावळल्यावर तासाभरात निवते. स्लॅबखालच्या भिंती रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहतात, तसे तिथे होत नाही. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यातून मी एक गोष्ट उचलली आहे : छत किती तापते याच्याइतकेच ते केव्हा निवते, हेही पाहायचे.

पण त्याच घरातली दुसरी बाजूही बाबांनीच सांगितली. वानरांची टोळी छपरावरून गेली की दोन-चार कौले फुटतात, पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर शाकारायला माणूस लागतो, आणि ते काम जाणणारे कारागीर आता शहरात शोधावे लागतात. कौलांना उतारही चांगला लागतो, सुमारे तीस अंशांचा; एवढा उतार साडेपंधरा फूट रुंदीवर दिला तर छपराचा वरचा काठ जुन्या घराच्या कठड्यापेक्षाही सहज पाच-सहा फूट उंच जातो. मग एकतर मधोमध आढे घेऊन दोन्ही बाजूंना उतार करायचा आणि त्यातल्या एका बाजूचे सगळे पाणी जुन्या भिंतीलगतच्या पन्हळीत आणायचे, नाहीतर जुन्या घरावर एक वेगळीच भिंत चढवायची. भिंतीलगतची पन्हळ म्हणजे पालापाचोळा साचण्याची हमखास जागा, आणि ती तुंबली की पाणी थेट दोन्ही घरांच्या मधल्या सांध्यात उतरणार. बाबांनी कागदावरचे रेखाटन बराच वेळ पाहिले आणि ही अडचण मान्य केली.

१ डिसेंबर २०२४

परवानाधारक इंजिनिअरांबरोबर जागेवर बैठक झाली. वजनाचा हिशेब त्यांनी समोर बसून करून दाखवला आणि त्यात माझ्या दृष्टीने तीन नव्या गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट पायाची. हलके छत घेतले की पाया स्वस्तात होतो, असे ठेकेदाराने आम्हाला सांगितले होते. पाच इंची काँक्रीटचे वजन चौरस मीटरला साधारण ३१० किलो. वरचा कोबा (पाण्याला ढाळ देणारा थर) आणि खालचा गिलावा धरून ते सव्वापाचशे किलोपर्यंत जाते. बाहेरच्या मापाने आमचे छत ३०२ चौरस फूट, म्हणजे २८ चौरस मीटर आहे, तेव्हा स्लॅबचे एकूण वजन सुमारे १५ टन होते. सांगाडा आणि जिप्सम धरूनही पत्र्याचे छत एका टनाच्या आसपास राहते. हा फरक मोठा वाटतो खरा, पण दारे-खिडक्या वजा करूनही खालच्या नऊ इंची भिंतींचेच वजन २३ टनांच्या घरात आहे. शिवाय आमच्याकडची माती काळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. त्यामुळे पाया किती खोल न्यायचा हे ती माती ठरवते, छत नव्हे. हलक्या छताने पायात वाचतात ते थोडेच पैसे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो, आणि उतरत्या छपरावर, विशेषतः त्याच्या कडांना, तो दाब ढकलण्याऐवजी वर ओढतो. पत्रा आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला जेमतेम वीस किलोंचे, तेव्हा असे छत भिंतीवर ठेवून भागत नाही, ते भिंतीशी बांधून खाली धरून ठेवावे लागते. त्यासाठी भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा आणि त्यात रुतवलेले बोल्ट लागतात. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात हा पट्टा नव्हता. स्लॅब स्वतःच्या वजनानेच बसून राहते आणि चारही भिंतींना एकत्र बांधते. आयएस ४३२६ प्रमाणे भिंतींवर सलग टेकलेली काँक्रीटची स्लॅब असेल तर छताच्या पातळीवर वेगळा पट्टा लागत नाही. प्लिंथ आणि लिंटेल (दारे-खिडक्यांचा माथा) यांच्या पातळीवरचे पट्टे व कोपऱ्यांतल्या उभ्या सळया मात्र दोन्ही प्रकारांत आम्ही घेणार आहोत.

तिसरी गोष्ट वापराची. ज्या छतावर माणसे जाणार, त्यासाठी चौरस मीटरला १५० किलोंचा चल भार (माणसे-सामानाचे बदलते वजन) धरतात. जिथे फक्त दुरुस्तीपुरते कोणी चढेल, तिथे त्याच्या निम्मा. ज्या शहरात उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या सणाला, घरातले सगळेच गच्चीवर असतात, तिथे पहिलाच आकडा धरला पाहिजे, असे ते म्हणाले.

८ डिसेंबर २०२४

दोन ठेकेदारांचे दर हाती आले आणि आजचा दिवस बेरजेत गेला. पत्रा सांगाड्यासह २१० रुपये चौरस फूट आणि स्लॅब सिमेंट, लोखंड, सेंट्रिंग (काँक्रीट भरताना खालून द्यायचा आधार) व मजुरीसह २८५ रुपये चौरस फूट, एवढ्यावरच बोलणे थांबते. पण हे दोन दर एका पायरीवरचे नाहीत. पत्र्याचा दर उघड्या पत्र्याचा आहे आणि स्लॅबचा दर उघड्या स्लॅबचा. आई-बाबा या दोहोंपैकी कशाच्याच खाली तसे राहू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकार राहण्याजोगा, न गळणारा आणि वाऱ्याला टिकणारा करून मगच किंमत लावायची, असे मी ठरवले.

पत्र्याला भिंतींच्या बाहेर चहूकडे फूटभर काठ सोडावा लागतो, त्यामुळे क्षेत्रफळ ३७६ चौरस फूट होते आणि पत्रा व सांगाडा ७९,००० रुपयांवर जातो. त्यात जिप्समच्या छताचे २४,०००, त्यावरच्या काचलोकरीचे १०,०००, भिंतीच्या माथ्यावरील पट्ट्याचे १७,५०० आणि पन्हळ व पाइपांचे ९,००० मिळवले की बेरीज १,३९,५०० होते. पफ पॅनेलला वेगळे जिप्सम किंवा काचलोकर लागत नाही. ३४० रुपये दराने पॅनेलचे १,२८,००० आणि त्यात तोच पट्टा व तीच पन्हळ धरून १,५४,५०० रुपये. कौलांचे छप्पर, ज्याला सगळे जुने आणि स्वस्त समजतात, ते उतारामुळे वाढलेले क्षेत्रफळ, लोखंडी सांगाडा, रिपा, खालचे जिप्सम आणि पट्टा असे सगळे धरून १,९४,५०० वर पोहोचले. चारांत सर्वांत महाग तेच.

स्लॅबचा हिशेब असा : स्लॅब ८६,०००, तिला मधून आधार देणारी बीम १४,०००, आतला गिलावा ९,५००, कोबा आणि चायना मोझेक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) ३१,५००, उष्णतारोधक थर १८,०००, तीन बाजूंचा कठडा २१,०००, पाण्याचे पाइप ५,०००. एकूण १,८५,००० रुपये. उष्णतारोधक थर दोन्ही ठेकेदारांच्या यादीत नव्हता, तो मी घातला आहे, कारण त्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

म्हणजे पत्रा आणि स्लॅब यांतले अंतर ४५,५०० रुपयांचे आहे आणि पफ पॅनेल व स्लॅब यांतले ३०,५०० रुपयांचे. या वरच्या पैशांत सुमारे पावणेतीनशे चौरस फुटांची गच्ची मिळते. ती आम्हाला हवी आहे, म्हणून स्लॅबच घालायची. ती गच्ची नको असती, तर मी पफ पॅनेलच घेतले असते, हे इथे स्पष्ट लिहिते. खोलीच्या दृष्टीने ते उत्तम छत आहे, आणि ज्यांचा पाया जुना किंवा कमजोर आहे त्यांनी त्याचाच विचार आधी करावा.

१५ डिसेंबर २०२४

उष्णतेचा हिशेब. छतातून उष्णता किती सहज आत येते याचे एक माप असते : आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना प्रत्येक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने घरांच्या छतासाठी ही मर्यादा १.२ ठेवली आहे. पाच इंची स्लॅब, चार इंच कोबा आणि गिलावा यांचा आकडा माझ्या हिशेबाने २.५ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. साध्या जिप्समसह पत्र्याचाही जवळपास तेवढाच. पन्नास मिलिमीटरच्या पफ पॅनेलचा ०.४ ते ०.५ येतो, आणि स्लॅबवर एक्सपीएस या कडक फोमची चाळीस मिलिमीटरची पाटी घातली तर ०.६.

हे आकडे खोलीत उतरवून पाहिले. खोलीचे छत आतून २५२ चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेतेवीस चौरस मीटर आहे. छताचा तापलेला पृष्ठभाग आणि आतली हवा यांत तीस अंशांचा फरक धरला, जो बडोद्याच्या मे महिन्यात काही जास्त नाही, तर नुसत्या स्लॅबमधून सुमारे १,७५० वॅट उष्णता आत येऊ शकते आणि फोम घातलेल्या स्लॅबमधून सुमारे ४२०. पहिल्या स्थितीत आई-बाबांच्या डोक्यावर दीड-दोन हजार वॅटची शेगडी पेटलेली असते, आणि स्लॅबच्या जाडीमुळे तिची धग संध्याकाळनंतरही चालू राहते. अठरा हजार रुपयांचा हा थर शेवटी पैसे कमी पडले म्हणून कापला जाऊ नये, अशी माझी ठाम भूमिका आहे. त्याऐवजी न्हाणीघराच्या भिंतीवरची टाइल चार फूट कमी उंच लागली तरी चालेल.

फोम कुठे घालायचा यावर इंजिनिअरांनी दिलेला क्रम असा : आधी स्लॅबवर जलरोधक लेप, त्यावर फोमच्या पाट्या, त्यावर ढाळाचा कोबा आणि सर्वांत वर चायना मोझेक. लेप फोमच्या खाली राहिल्यामुळे तो उन्हाच्या रोजच्या ताणातून सुटतो. मोझेक पूर्ण पांढरी करायची. मिस्त्री मधे रंगीत तुकड्यांचे कमळ काढून देतो म्हणाला आणि त्याचा हात खरोखरच चांगला आहे, पण पांढऱ्याचा उपयोग ऊन परत फेकण्यासाठी आहे. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णता कृती आराखडा आहे आणि पुढे त्यात गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे कामही घेतले गेले, ते याच तत्त्वावर.

२२ डिसेंबर २०२४

वरच्या मजल्याचा प्रश्न आज निकालात निघाला. पतींचे म्हणणे होते की स्लॅब घालतोच आहोत, तर खांब आणि पाया दोन मजल्यांचा करून ठेवावा. इंजिनिअरांच्या अंदाजाने त्यासाठी आणखी ९५,००० रुपये लागतील. पाया नंतर वाढवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तो मजला कोणासाठी, या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नाही. मुलगी पुण्यात स्थिरावली आहे आणि जुने घर १९८६ चे, भिंतींवर उभे, त्यावर मजला चढवता येत नाही.

तेव्हा नवी खोली एकमजलीच राहील. मात्र नकाशावर आणि घराच्या कागदांच्या फाइलीत ‘या बांधकामावर दुसरा मजला चढवू नये’ असे इंजिनिअरांच्या सहीने लिहून घ्यायचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या होत्या, आणि बडोदेही त्याच तिसऱ्या भूकंप विभागात मोडते. खाली काय आहे हे न पाहता वर वजन चढवणे किती महागात पडते, हे त्या दिवसानंतर गुजरातेत कोणाला सांगावे लागत नाही. आम्ही उद्या हे घर विकले तरी पुढच्या मालकाला ते लेखी मिळाले पाहिजे.

४ जानेवारी २०२५

बीम ठेवायची की काढायची, यावर आज निर्णय झाला. आईला खोलीत बीम नको होती; बीमखाली झोपू नये, असे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. बीमशिवाय १४ फुटांच्या गाळ्याला स्लॅब जवळजवळ सात इंच जाड करावी लागते, म्हणजे सुमारे दीड घनमीटर काँक्रीट, अकरा गोणी सिमेंट आणि साडेतीन टन वजन जास्त, शिवाय लोखंडही वाढते. बीम उलटी, म्हणजे स्लॅबच्या वर काढता येते, पण मग ती गच्चीच्या मधोमध बांधासारखी आडवी येते आणि पाण्याचा ढाळ दोन भागांत तुटतो. जिथे पाणी अडते तिथे गळतीची सुरुवात होते, म्हणून उलटी बीम मला मान्य नव्हती.

शेवटी मार्ग पलंगाच्या जागेने काढला. बीम अठरा फुटांच्या मध्यावर येते, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फूट राहतात, आणि दोन्ही पलंग उत्तरेच्या अर्ध्या भागात पूर्ण बसतात. आईने जमिनीवर खडूने आखलेल्या रेषांत उभे राहून खात्री करून घेतली. मात्र बीमचे टोक पूर्वेच्या भिंतीवर सुमारे पावणेपाच टन भार टाकते, तेव्हा तिच्याखाली खिडकी चालणार नाही. तिथे काँक्रीटचा पॅड येईल. मोठी मधली खिडकी गेली आणि तिच्या जागी बीमच्या दोन्ही बाजूंना चार-चार फुटांच्या दोन खिडक्या आल्या. खोलीला हे उलट बरेच झाले, कारण दोन्ही पंख्यांखाली आता वारा खेळेल.

१२ जानेवारी २०२५

रजाचिठ्ठीसाठी (बांधकामाच्या परवानगीसाठी) नकाशा दाखल झाला. मार्जिन (हद्दीलगतची मोकळी जागा) सोडूनच माप धरले असल्यामुळे त्यात बदल करावा लागला नाही.

१६ जानेवारी २०२५

उत्तरायण आणि वासी उत्तरायण (त्याचा दुसरा दिवस) झाल्यावर आज जुनी गच्ची झाडली. दोन्ही पाण्याच्या तोंडांत पतंगाचे कागद आणि मांज्याचा गुंता बसला होता. एका तोंडातून काढलेला गोळा मुठीत मावत नव्हता. तो पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिला असता तर पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचे तळे झाले असते.

यावरून नव्या गच्चीच्या निचऱ्याचा हिशेब केला. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पाऊस या २८ चौरस मीटरवर पडला तर एका दिवसात १४,००० लिटर पाणी होते. तासाला १०० मिलिमीटरची सर धरली तरी सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, आणि चार इंची पाइप एकटाही ते सहज नेतो. तरीही पाइप दोन घ्यायचे, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत, म्हणजे एक तुंबला तरी दुसरा चालू राहील. तोंडांवर घुमटाकार जाळी हवी. सपाट जाळीवर एक ओला कागद बसला की ती बंद होते. ढाळ शंभर फुटांना एक फूट ठेवायचा आणि कठड्याच्या पायथ्याशी गोल वाटा मारून (कोपरा गोलसर भरून) मोझेक नऊ इंच वर चढवायची. शिवाय दोन्ही पाइपांपेक्षा दोन इंच वर कठड्यात एक मोकळे भोक ठेवायचे. दोन्ही पाइप बंद झाले तर पाणी तिथून बाहेर पडेल आणि खाली अंगणात पडणारी धार पाहून आम्हालाही कळेल.

२५ जानेवारी २०२५

जुन्या आणि नव्या घराचा सांधा हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे आणि दोन्ही ठेकेदारांनी त्याला अंदाजपत्रकात एक ओळही दिलेली नव्हती. जुने घर जवळपास चाळीस वर्षे काळ्या मातीवर बसून स्थिरावले आहे; नवी खोली पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडीफार हलणारच. दोन्ही स्लॅब एकमेकींत गुंतवल्या तर तडा जाईल आणि तो नेमका कुठे जाईल हे आपल्या हातात राहणार नाही. म्हणून नवी खोली स्वतःच्या चारही भिंतींवर स्वतंत्र उभी राहील, जुन्या भिंतीपासून एक इंच सोडून, आणि त्या फटीत दबणारी फोमची पट्टी असेल.

या फटीत वरून पाणी जाऊ नये, यासाठी आज मिस्त्री आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवून जुन्या कठड्याजवळ विटा मांडून रचना पाहिली. फटीच्या दोन्ही बाजूंना गच्चीपासून सहा-सहा इंच उंच बांध, दोन्हींवर मोझेकचा वाटा, आणि त्यांच्या माथ्यावर टोपीसारखी कोटा फरशी. ही फरशी फक्त जुन्या बाजूच्या बांधावर सिमेंटने बसवायची. नव्या बाजूला ती दोन इंच पुढे येऊन नुसती टेकेल, आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच असेल. मिस्त्रीचा हात सवयीने दोन्हीकडे माल भरायला जात होता. नवी बाजू मोकळी का ठेवायची हे इंजिनिअरांनी फरशी हातानेच पुढे-मागे सरकवून दाखवले, तेव्हा ते त्याच्या ध्यानात आले. गच्चीवर ये-जा करण्यासाठी जुना कठडा तीन फूट फोडायचा आहे, पण तिथेही हा सहा इंची बांध उंबरठ्यासारखा तसाच राहील. उंबरठा नको, ठेच लागते, असे घरात म्हणणे पडले. आई-बाबा गच्चीवर चढणार नाहीत आणि बाकीच्यांनी पाय उचलावा, असे मी सांगितले.

सांध्याचे काम ९,००० रुपयांचे आहे. छताची बेरीज आता १,९४,००० झाली.

२ फेब्रुवारी २०२५

रजाचिठ्ठी हातात आहे आणि ठेकेदाराशी करार झाला. छताबाबत करारात लिहून घेतलेले मुद्दे इथे नोंदवते. काँक्रीट एम २० प्रतीचे, सिमेंट, रेती व खडीचे प्रमाण १ : १.५ : ३, रेती ओरसंग नदीची, चाळून घेतलेली, आणि एका गोणीमागे पाणी तीस लिटरपेक्षा जास्त नाही, माल घट्ट वाटला तरी बादलीने पाणी ओतायचे नाही, व्हायब्रेटर चालवायचा. स्लॅबच्या सळयांखाली वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई काँक्रीटच्या आत झाकलेली राहावी म्हणून ठेवायचे ठोकळे. आमच्या जुन्या न्हाणीघराच्या छताचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसते, तिथे कव्हर एक सेंटिमीटरही नाही, हे मिस्त्रीला नेऊन दाखवले. पंख्यांचे हुक, विजेचे पाइप आणि न्हाणीघराचा व्हेंट पाइप स्लॅब भरण्याआधी बसवायचा, नंतर स्लॅबला छिन्नी लागणार नाही. सेंट्रिंग स्लॅबखाली सात दिवस आणि बीमखाली चौदा दिवस. सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, राखेसारखी पूड मिसळलेले) असल्यामुळे पाणी मारणे किमान दहा दिवस, मातीची आळी करून. मार्चअखेर ऊन कडक झाले तर चौदा.

सौर पॅनेलचा विषय पतींनी काढला आणि तो योग्य वेळी काढला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि नव्या गच्चीचा दक्षिणेकडचा भाग त्यासाठी सोयीचा आहे. पॅनेलची सावली पडली तर खालची खोली आणखी थंड राहील. आत्ता फक्त एवढेच करायचे की सांगाड्याचे पाय टेकवण्यासाठी काँक्रीटचे सहा छोटे चौथरे स्लॅबबरोबरच भरायचे, म्हणजे पुढे मोझेक आणि जलरोधक लेपाला भोके पाडावी लागणार नाहीत. चौथऱ्यांचे ३,००० रुपये वेगळे.

छताचे पैसे चार हप्त्यांत द्यायचे : लोखंड बांधून इंजिनिअरांनी तपासल्यावर ३० टक्के, स्लॅब भरल्यावर ३० टक्के, मोझेक पूर्ण झाल्यावर २० टक्के. उरलेले २० टक्के दोन्ही पाइपांची तोंडे आणि कठड्यातले भोक बंद करून, गच्चीत चार इंच पाणी ४८ तास साठवून, खोलीत आणि सांध्याखाली कुठेही ओल आली नाही हे पाहिल्यावर द्यायचे. ही चाचणी १० जूनच्या आत व्हायची आहे.